नऊ एकर संत्रा आणि दिल्लीचं कोर्ट : वाचकांची प्रश्नोत्तरे

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या देशात केंद्राची कोर्टं वेगळी आणि राज्याची वेगळी असं नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत रांग एकच आहे. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. मी वकील नाही. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात नक्कल विभागात कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे कागद कुठून कुठे जातो आणि कुठे अडतो, हे मी खात्रीने सांगू शकते. दावा लावायचा तर वकिलाकडे जायलाच हवं.

प्रश्न : माझं लग्न १९८९ मध्ये झालं. माहेरी आजोबांपासून आलेली नऊ एकर संत्र्याची बाग आहे. आई आधीच गेली, वडील २००३ मध्ये वारले. आम्ही दोन भाऊ आणि मी. सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं चढली. मी फेरफाराला हरकत घेतली, ती नामंजूर झाली. एसडीओंकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील केलं, तेही गेलं. दोन कोर्टांत हरले. आता सरळ सुप्रीम कोर्टात जाता येईल का? भाऊ म्हणतो, लग्न होऊन गेलेल्या पोरीचा काही हक्क राहत नाही.
(एक भगिनी, नागपूर)

ताई, तुम्ही अजून एकाही कोर्टात हरलेल्या नाहीत. मंडळ अधिकारी, तहसीलदार, एसडीओ हे महसूल खात्याचे अधिकारी. तिथेही वकील उभे राहतात, पेशी पडते, आदेश निघतो, म्हणून ते कोर्टासारखं वाटतं. पण फेरफार असतो तो शेतसारा कोणाकडून घ्यायचा आणि नोंदी कशा ठेवायच्या यासाठी. मालकी कोणाची, हे शेवटी दिवाणी न्यायालय ठरवतं. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, एवढंच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते, आणि ते उलट सिद्ध करण्याची जागा दिवाणी न्यायालयच आहे. एसडीओंचा आदेश विरुद्ध गेला म्हणून वाटणीच्या दाव्याचा रस्ता बंद होत नाही.

सरळ सुप्रीम कोर्टात मात्र जाता येणार नाही. घटनेच्या ३२ व्या कलमाने थेट दिल्लीला जाता येतं, पण मूलभूत हक्कासाठी. सख्ख्या भावांशी असलेल्या जमिनीच्या वादासाठी नाही. जमीन ज्या न्यायालयाच्या हद्दीत, दावा तिथेच लागतो. दाव्याच्या किमतीप्रमाणे तो कनिष्ठ स्तर न्यायाधीशांकडे जाईल किंवा वरिष्ठ स्तर न्यायाधीशांकडे. कनिष्ठ स्तराच्या निकालावर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. तिथल्या निकालावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या नागपूर खंडपीठात, दुसरं अपील. ते दाखल व्हायला कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. त्याच्याही पुढे घटनेच्या १३६ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मागता येते. ती द्यायची की नाही, ही न्यायालयाची मर्जी.

आता भावाच्या बोलण्याकडे वळते, कारण सगळी न्यायालयं एकाच व्यवस्थेत असण्याचा खरा अर्थ तुमच्या प्रकरणात दिसतो.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवलं. तो राज्याचा कायदा होता, आणि आधी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. तुमचं लग्न १९८९ चं, म्हणजे तुम्ही बाहेर. मग २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी दुरुस्ती केली. तिच्यात लग्नाची अट नव्हती. पण २०१५ मध्ये प्रकाश विरुद्ध फुलवती या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असले तरच मुलीला हा हक्क. तुमचे वडील २००३ मध्ये गेले, म्हणजे तुम्ही पुन्हा बाहेर. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी दानम्मा प्रकरणात वेगळा निकाल दिला. दोन निकाल दोन दिशांना, आणि खालच्या न्यायाधीशांनी करायचं काय! अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गाठ सोडवली. मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही.

हे तुमच्या नऊ एकरांत मोजून पाहा. जुन्या हिशोबाने वडील आणि दोन भाऊ असे तीन वाटेकरी. वडिलांच्या वाट्याला तीन एकर, ते त्यांच्यामागे तुम्हा तिघा भावंडांत सारखे, म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा तुमचा. एक एकर. म्हणजे जुन्या कायद्यातही ‘काही हक्क नाही’ हे खरं नव्हतंच. २०२० नंतरच्या हिशोबाने वडील, दोन भाऊ आणि तुम्ही असे चौघे. तुमचा स्वतःचा चौथा हिस्सा, वर वडिलांच्या चौथ्या हिश्शातला तिसरा. दोन्ही मिळून बरोबर तिसरा हिस्सा, तीन एकर. दिल्लीत दिलेल्या एका निकालाने तुमच्या तालुक्यातले दोन एकर हलले. तुमच्या गावच्या न्यायाधीशांना तो निकाल पटो न पटो, घटनेच्या १४१ व्या कलमाने तो त्यांच्यावर बंधनकारक आहे. वेगळा शासन निर्णय लागत नाही, राज्याची संमती लागत नाही.

हे गणित तुम्ही लिहिलेल्या माहितीवर बेतलेलं आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्र झालं असेल किंवा तुम्ही कधी हक्कसोड पत्रावर सही केली असेल, तर चित्र बदलतं. वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांगा. आणि भाऊ बहुधा म्हणतील, ‘वाटणी तर बाबांच्या हयातीतच तोंडी झाली होती.’ त्या नुसत्या तोंडी बोलण्याला विनीता शर्मा निकालाने फार थोडी जागा ठेवली आहे. त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

ताई, आता जे सांगते त्यासाठीच मी हे सदर लिहिते. माणसं तालुक्याच्या कोर्टाला हलकं समजतात. ‘इथं काही होत नाही, वर बघून घेऊ,’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं, आणि त्याने बुडालेली घरं पाहिली. साक्षीपुरावा होतो तो खालच्याच कोर्टात. सरतपासणी तिथे, उलटतपासणी तिथे, कागदाला निशाणी क्रमांक पडतो तोही तिथेच. अपील झालं की वरचं न्यायालय मूळ रेकॉर्ड मागवतं. आमच्या भाषेत ‘आर अँड पी’. पानांवर क्रमांक टाकून, निशाण्यांची यादी लावून, रोजनाम्यासह तो बस्ता वर जातो. असे कितीतरी बस्ते मी स्वतः तपासून पाठवले आहेत. वर न्यायमूर्ती जे वाचतात ते एवढंच. मग ते नागपूरला बसलेले असोत की दिल्लीला.

एका अपिलात एका म्हाताऱ्या बाईंनी जुनं वाटणीपत्र हायकोर्टात काढलं. खाली ते दाखलच केलेलं नव्हतं. मुलाने ‘वर दाखवू’ म्हणून घरच्या पेटीत जपून ठेवलं होतं. अपिलात नवा पुरावा घ्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेने फार अरुंद वाट ठेवली आहे. खालच्या कोर्टाने तो घ्यायला चुकीने नकार दिलेला असावा, किंवा पुरेशी काळजी घेऊनही तो तेव्हा हाती येणं शक्य नसावं, किंवा निकालासाठी अपील न्यायालयालाच त्याची गरज वाटावी. पेटीत ठेवलेला कागद यात बसला नाही. त्या बाई बराच वेळ माझ्या टेबलापाशी बसून होत्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण कागद खरा होता.

म्हणून तुम्ही आधी कागद गोळा करा. आजोबांच्या नावाची बंदोबस्त मिसल (जुन्या जमीन आकारणीची नोंद), अधिकार अभिलेख पंजी (हक्कनोंदीची वही), जुने सातबारे, प्रत्येक फेरफाराची नक्कल, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वंशावळ. सगळं दाव्यासोबतच दाखल करा. बाग विकण्याची बोलणी कानावर आली तर तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्जही त्याच दिवशी द्या. आणि निकाल तुमच्या बाजूने लागल्यावर बुचकळ्यात पडू नका. कोर्ट हिस्सा ठरवेल, पण शेतसारा लागणाऱ्या जमिनीची प्रत्यक्ष फोड जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५४ तसं सांगतं. म्हणजे फाईल पुन्हा महसूल खात्यात जाईल. फरक एवढा की तेव्हा तिच्यावर कोर्टाचा हुकूमनामा असेल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. अमेरिकेत केंद्राची आणि राज्यांची न्यायालयं वेगळी आहेत. आपणही संघराज्य, मग आपल्याकडे एकच व्यवस्था का? आणि ती खरंच एक आहे की फक्त पुस्तकात?
(एक विद्यार्थी, धरमपेठ)

बेटा, एक सकाळ काढून वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुका कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. दाराबाहेर लावलेला दिवसाचा बोर्ड वाच. न वटलेल्या चेकचं प्रकरण असेल, तो १८८१ चा कायदा केंद्राचा. त्याखाली दारूचं प्रकरण असेल, कारण वर्धा दारूबंदीचा जिल्हा आहे, आणि १९४९ चा दारूबंदी कायदा राज्याचा. मग चोरीचा खटला, तो १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेखाली, पुन्हा केंद्राचा. हे सगळं एकाच खुर्चीवरचे न्यायदंडाधिकारी ऐकतात, आणि तालुक्याला बहुतेक वेळा तेच गृहस्थ किंवा त्याच बाई दिवाणी न्यायाधीश म्हणून बांधाचा दावाही चालवतात. कायदा कोणी केला, यावरून कोर्ट बदलत नाही.

अमेरिकेत एकाच शहरात दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. राज्याच्या कायद्याचा अर्थ काय, यावर त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द शेवटचा. देशाचं सर्वोच्च न्यायालय तिथे येतं ते त्यांच्या घटनेचा किंवा केंद्रीय कायद्याचा प्रश्न असेल तरच. आपल्याकडे महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याचा अर्थही शेवटी दिल्लीत ठरू शकतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडला, तेव्हाच हे स्पष्ट केलं होतं. राज्यव्यवस्था दुहेरी, पण न्यायव्यवस्था दुहेरी नाही. उच्च न्यायालयं आणि सर्वोच्च न्यायालय मिळून एकच. मूलभूत बाबतींत देशभर एकसूत्रता राहावी, ही त्यामागची भूमिका. ते भाषण मुळातून वाच. परीक्षेपुरत्या टिपणांत त्याची धार येत नाही.

पण ‘एक’ याचा अर्थ सर्वोच्च न्यायालय सगळ्यांचं वरिष्ठ कार्यालय आहे, असा घेऊ नकोस. अपिलात ते सगळ्यांच्या वर आहे. त्याने सांगितलेला कायदा सगळ्यांवर बंधनकारक आहे. पण घटनेच्या २२७ व्या कलमाने जशी उच्च न्यायालयाची खालच्या न्यायालयांवर देखरेख असते, तशी देखरेख सर्वोच्च न्यायालयाची उच्च न्यायालयांवर घटनेने दिलेली नाही. उच्च न्यायालय हे स्वतःच घटनेने निर्माण केलेलं न्यायालय आहे. शिवाय एका उच्च न्यायालयाचा निकाल दुसऱ्या राज्यात फक्त मार्गदर्शक ठरतो. आंध्रच्या उच्च न्यायालयाने काही म्हटलं म्हणून नागपूरचे न्यायाधीश बांधले जात नाहीत, पण वकील तो निकाल वाचून दाखवतात आणि न्यायाधीश विचारात घेतात. देशात उच्च न्यायालयं पंचवीस आणि राज्यं अठ्ठावीस, हेही लक्षात ठेव. आपलं मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्रासोबत गोव्याचंही आहे.

प्रश्न : आमचं अपील नागपूर खंडपीठात आहे. समोरचा पक्ष म्हणतो, खंडपीठ म्हणजे शाखा, खरं हायकोर्ट मुंबईला. तुम्ही इथं जिंकलात तरी आम्ही मुंबईत अपील करू. असं होतं का?
(एक शेतकरी, गोंदिया)

नाही, भाऊ. नागपूरचं खंडपीठ हेच मुंबई उच्च न्यायालय आहे. इथले न्यायमूर्ती त्याच न्यायालयाचे, मुख्य न्यायमूर्ती तेच. इथे लागलेला निकाल रत्नागिरीच्या न्यायाधीशांवरही तितकाच बंधनकारक आहे. तुमचं दुसरं अपील इथे संपलं की पुढे दिल्लीच. मधे मुंबई येत नाही.

या गैरसमजाचं मला खरोखर दुःख होतं, कारण नागपूरला कोणी दयेने शाखा दिलेली नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी १९३६ मध्ये नागपूरचं स्वतंत्र उच्च न्यायालय सुरू झालं. सिव्हिल लाइन्समधली घुमटाची इमारत त्याच न्यायालयासाठी बांधली आणि १९४० मध्ये तिचं उद्घाटन झालं. इथले मुख्य न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्यानंतरच्या काळात इथेच मुख्य न्यायमूर्ती असलेले हिदायतुल्ला १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि आपल्याकडे खंडपीठ राहिलं. त्याला पक्का आधार मिळाला १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने. त्याच्या ४१ व्या कलमात लिहिलं आहे की विदर्भाच्या जिल्ह्यांतल्या प्रकरणांसाठी किमान तीन न्यायमूर्ती नागपूरला बसतील. आज तुमचा गोंदिया आणि गडचिरोलीही त्यातच येतात, कारण ते भंडारा आणि चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यांतूनच निघाले. या खंडपीठात वकिली केलेले शरद बोबडे २०१९ मध्ये आणि भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. एखादं प्रकरण मुंबईला ऐकावं, असा आदेश मुख्य न्यायमूर्ती देऊ शकतात, पण तो अधिकार त्यांचा आहे, समोरच्या पक्षाचा नाही.

प्रश्न : आमच्या विरोधकाची वर ओळख आहे. तो म्हणतो, जिल्हाधिकाऱ्यांना सांगून न्यायाधीशाचीच बदली करवतो.
(एक वाचक, यवतमाळ)

जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती ते नाही, मंत्र्यांच्याही नाही. घटनेच्या २३५ व्या कलमाने जिल्हा आणि तालुका न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. न्यायाधीशांच्या बदल्या, रजा, बढत्या, चौकशी सगळं तिथून चालतं. पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, हुकूम मात्र उच्च न्यायालयाचा. धमकीला घाबरून पेशी चुकवू नका.

प्रश्न : मुलीचा घटस्फोटाचा अर्ज कौटुंबिक न्यायालयाने फेटाळला. अपील जिल्हा न्यायालयात करायचं का? आणि वकिलाची फी परवडत नाही.
(एक आई, नागपूर)

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील सरळ उच्च न्यायालयात. कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात मुदत तीस दिवसांची लिहिली आहे. फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. या मदतीचीही तालुक्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत समित्यांची साखळी आहे. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीचं कार्यालय खंडपीठातच आहे. मुलीला निकालाची प्रत आणि आधार कार्ड घेऊन तिथे जाऊ द्या.

प्रश्न : निकाल लागून वीस दिवस झाले. नक्कल अजून मिळाली नाही. अपिलाची तीस दिवसांची मुदत संपत आली. काय करू?
(एक वाचक, सावनेर)

हा माझ्या जुन्या टेबलाचा प्रश्न, म्हणून नीट सांगते. मुदत मोजताना निकालाचा दिवस आणि नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वगळले जातात. मुदतीच्या कायद्याचं बारावं कलम तसं सांगतं. पण वगळायला सुरुवात होते ती तुम्ही नक्कलेचा अर्ज दिला त्या दिवसापासून. निकालानंतर अर्ज न देता घरी काढलेले दिवस तुमच्याच खात्यावर पडतात. नक्कल तयार झाल्याचं कळूनही नेली नाही, तर तेही दिवस तुमचेच. नक्कलेच्या शेवटच्या पानामागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख शिक्क्यासह असते. वकील मुदत तिच्यावरून मोजतात.

तुम्ही अर्ज कधी दिला हे पत्रात लिहिलेलं नाही. दिला असेल तर पावती शोधा आणि वकिलाला दाखवा. बहुधा तुमची मुदत शाबूत आहे. दिला नसेल तर वीस दिवस गेले आणि दहा उरले. कोर्ट उघडं असेल तर आजच अर्ज आणि नक्कल फी भरा. मुदत उलटलीच, तर विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत देता येतो, पण त्यात प्रत्येक दिवसाचं कारण द्यावं लागेल. दाव्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक जवळ ठेवा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाकला की निकाल फोनवर वाचता येतो. त्यावरून वकील अपिलाचा मसुदा तयार करू शकतात. दाखल करताना मात्र शिक्क्याची नक्कल लागेल.